स्कॉर्पिओला एटी (ऑल टेरेन) टायर घ्यावेत का? बजेट ४५ हजार, रस्ता तळोदा-चांदसैली-धडगाव

तळोदेकर (धागाकर्ता) | १४ मे, रात्री ९:१२

राम राम मंडळी.

गाडी स्कॉर्पिओ, डिझेल, टू व्हील ड्राइव्ह. टायर २३५/६५ आर१७. कंपनीतून आलेल्या टायरची नक्षी झिजून खाचेतल्या इंडिकेटरच्या बरोबरीला आली आहे, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. पावसाळ्याआधी बदलणं भाग आहे.

वापर असा. बायको धडगाव तालुक्यात आरोग्य खात्यात नोकरीला आहे. गाडी दर आठवड्याला चांदसैली घाट चढते-उतरते. धडगावच्या पुढे पाड्यांवर जायचं तर डांबर कुठे आहे, कुठे उखडलंय, कुठे नुसती खडी टाकून ठेवलीय. मधे ओढे उतरावे लागतात, त्यात गोटे. पाऊस लागला की घाटात दरडीचे दगड रस्त्यावर येतात, ते इकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. बाकी वापर नंदुरबार, धुळे, नाशिकला आईवडिलांकडे, आणि खरेदीला सुरत. किलोमीटर धरले तर बहुतेक डांबरच. पण गाडी खरी लागते ती उरलेल्या रस्त्यासाठी.

गेल्या पावसाळ्यात एक टायर बाजूने चिरला. खडीचा कंगोरा लागला, साइडवॉलला बोटभर चीर, आतले दोरे दिसत होते. त्याचं काहीच करता आलं नाही. त्याच्या जागी त्याच साइजचा एक नवा रोड टायर घेऊन काम चालवलं. म्हणून यावेळी एटी घ्यावेत असं मनात आहे. चार टायर, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं ४५ हजारांत बसायला हवं. त्याच्यावर जाता येणार नाही, मुलीच्या प्रवेशाचा खर्च तोंडावर आहे.

एटीच घ्यावेत, की चांगले रोड टायर पुरतील?

थारवाला_जळगाव | १४ मे, रात्री १०:०५

दादा, हा वापर असेल तर एटी घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एचटी म्हणजे हायवेचा टायर, बारीक खाचा, शांत, लांब चालणारा. एमटी म्हणजे चिखलाचा, मोठे ठोकळे, डांबरावर घोंघावतो आणि लवकर झिजतो. एटी दोघांच्या मधला. त्याची नक्षी जास्त खोल, ठोकळ्यांमधली जागा मोठी, आणि बऱ्याच एटींमध्ये खांद्याचे ठोकळे साइडवॉलवर थोडे खाली उतरलेले असतात. तुमचा टायर जिथे चिरला तिथे हेच रबर कामी येतं.

बीएफ गुडरिचचा केओ२ यातला नावाजलेला. साइडवॉलला तीन थर आहेत. पण तो तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हापासून बाहेरचे टायर मिळायलाही कटकट आणि भावही चढे. अपोलोचा अप्टेरा एटी२, सीएटचा क्रॉसड्राइव्ह एटी, जेकेचा रेंजर एटी, एमआरएफचा वाँडरर एटी, हे बघा. योकोहामाचा जिओलँडर एटी जी०१५ सुद्धा छान आहे, फक्त थोडा वर जाईल. यातला तुमच्या साइजमध्ये कोणता आत्ता मिळतो ते दुकानात विचारावं लागेल.

जमलं तर २४५/६५ आर१७ टाका. गाडी थोडी उचलली जाते, दिसतेही दणकट.

चोपड्याची_शिक्षिका | १४ मे, रात्री १०:४०

मी थोडी वेगळ्या बाजूने विचारते. गाडी चालवतं कोण? तळोदेकर दादा स्वतः, की वहिनी?

विचारायचं कारण, टायर निवडताना आपण चिखलात गाडी निघेल का एवढंच बघतो. पण ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबते हे त्याहून महत्त्वाचं आहे. एटीचे ठोकळे मोठे आणि सुटे असतात, रस्त्याला टेकणारं रबर कमी, त्यामुळे ओल्या गुळगुळीत डांबरावर चांगला एचटी टायर लवकर थांबतो. घाटात उतारावर, समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की हे कळतं. एटी घेऊ नका असं नाही म्हणत. पण घेतलेत तर वळणावरचा वेग पहिले काही दिवस कमी ठेवा.

आवाजही वाढतो. मी रोज चोपडा-यावल करते, खिडक्या बंद असल्या तरी ताशी ८०च्या पुढे एटीची गुणगुण ऐकू येते. नाशिकपर्यंत जाताना आईवडील मागे बसलेले असले तर त्यांना विचारून बघा.

रावेरची_केळी | १५ मे, सकाळी ६:५०

एटी घेतला म्हणजे चिखलात अडकणार नाही, या समजुतीने मात्र पैसे घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आमच्याकडे तापीकाठची काळी जमीन. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि हाताला, पायाला, चाकाला चिकटते. केळीच्या बागेतून बोलेरो काढताना बघा: पहिल्या दहा फुटांत टायरच्या खाचा मातीने ठासून भरतात. मग टायर एटी असो की रोडचा, वरून तो एक गुळगुळीत काळा गोळा. मडगार्डमध्येही माती ठासते, चाक फिरायला जागा राहात नाही. एमटीच्या मोठ्या खाचा वेगात फिरल्या तर माती भिरकावतात, एटीच्या खाचा तेवढ्या मोठ्या नाहीत. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर गाडी घालायची नाही, हाच आमच्याकडचा उपाय. माल काढायचा असेल तर ट्रॅक्टर.

पण तुमचा सातपुड्याचा भाग वेगळा. तिथे मुरूम, दगड, खडी. पाणी निचरून जातं. तिथे एटीची नक्षी दगडाला धरते. म्हणून तुमच्यासाठी एटी ठीक, फक्त तो दगडासाठी घ्या, चिखलासाठी नव्हे. आणि काटे! बाभूळ, बोर, हिवर. शेताच्या बांधाला कुंपणाचे काटे तोडून टाकलेले असतात. जाड नक्षीत काटा अर्ध्यावर राहतो, पातळ झालेल्या टायरला थेट आत पोचतो. झिजलेले टायर एवढ्यासाठी तरी लवकर बदला.

धडगाववाली | १५ मे, दुपारी १:२०

चोपड्याच्या ताई, गाडी मीच चालवते. तळोदेकर माझे यजमान, त्यांनी दुवा पाठवला म्हणून आले.

आठवड्यातले बरेच दिवस मी एकटी किंवा सोबत नर्सताई. लसीकरण असेल तर गाडीत शीतपेट्या असतात. पाड्यावर पोचायला उशीर झाला तर पेटीतला बर्फ वितळतो आणि खाली बायका लेकरं घेऊन उन्हात बसलेल्या असतात. म्हणून मला चिखलातून उड्या मारणारी गाडी नकोय. मला टायर फाटायला नकोय, आणि फाटलाच तर तो मला बदलता आला पाहिजे. कितीतरी ठिकाणी मोबाइलला रेंज नाही.

मागच्या वेळी टायर चिरला तेव्हा तो बदलण्यापेक्षा स्टेपनी खाली उतरवायला जास्त वेळ लागला. ती गाडीच्या पोटाखाली साखळीवर असते. साखळीचं यंत्र मातीने जाम झालं होतं. पाड्यावरच्या दोन मुलांनी दांडा फिरवून ती उतरवली.

याचा विचार करून सांगाल का?

धुळे_टायर | १५ मे, रात्री ८:३०

मी टायरच्याच धंद्यात आहे, म्हणून दुकानाचं नाव, नंबर देत नाही आणि कोणता ब्रँड घ्या हेही सांगत नाही. दुकानात उभं राहिल्यावर टायरवर काय वाचायचं ते सांगतो. ब्रँडच्या वादापेक्षा त्यात जास्त फायदा आहे.

एक, तारीख. साइडवॉलवर डॉट (DOT) ही अक्षरं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १२२६ म्हणजे २०२६ सालचा बारावा आठवडा. पंधरा-वीस आठवड्यांपर्यंतचा टायर ताजा म्हणायचा. दीड-दोन वर्षांचा माल स्वस्तात देतात. सावलीत, थंड जागी ठेवलेला असेल तर तो लगेच वाईट होत नाही. पण आपल्याकडे पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर काय होतं ते तुम्हीच बघा. घ्यायचाच असेल तर चांगली सूट घ्या, आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात की उत्पादनाच्या, हे आधी विचारा. बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या.

दोन, भार आणि वेग. साइजनंतर १०४एस, १०८एच असं काही असतं. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००. अक्षर वेगाचं: एस ताशी १८०, टी १९०, एच २१०. जुन्या टायरवर जे आहे त्याच्याखाली भाराचा आकडा कधीही जाऊ देऊ नका. सहा माणसं, सामान आणि घाट असेल तर अजिबात नाही.

तीन, थर. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या भागात) किती पॉलिएस्टर, किती स्टील, किती नायलॉन, आणि साइडवॉलमध्ये किती. बहुतेक रोड टायरला साइडवॉलमध्ये एक किंवा दोन थर असतात. तुमचा प्रश्न साइडवॉलचा आहे ना? मग नक्षी बघण्याआधी ही ओळ वाचा. फोटोत दणकट दिसणारा टायर बाजूला एकाच थराचा निघू शकतो.

चौथं, आयएसआयचा शिक्का. तो नसेल तर टायर हातातही घेऊ नका.

आता २४५ चं. हिशेब करून दाखवतो. २३५/६५ आर१७ ची उंची साधारण ७३७ मिलिमीटर, २४५/६५ ची ७५०. फरक पावणेदोन टक्के, म्हणजे मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ १०२ ने धावत असेल. तीन टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे बसेल. पण त्यासाठी जादा पैसे का द्यायचे? जमिनीपासूनची उंची जेमतेम साडेसहा मिलिमीटर वाढते. वजन वाढतं, मायलेज उतरतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी कंपनीच्या साइजवर बोट ठेवू शकते. शिवाय स्टेपनी वेगळ्या साइजची होते. कंपनीची साइज ठेवा.

आणि एक खुशखबर. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत तीच धरली तर पावणेआठ टक्के कमी द्यावे लागतात. कुणी जुनी छापील यादी दाखवली तर बिलावर १८ आहेत का बघा.

थारवाला_जळगाव | १५ मे, रात्री ९:१५

धुळे_टायर भाऊंचं २४५ बद्दलचं पटलं. वहिनींचं वाचल्यावर तर कंपनीचीच साइज बरी वाटते.

एक विचारतो. बजेट घट्ट आहे, गाडी मागच्या चाकांवर चालते. मग मागचे दोनच एटी आणि पुढे रोड टायर घेतले तर? मागच्या चाकांना पकड मिळेल, पुढे ब्रेक आणि वळण रोड टायरचं.

जुना_एसटीवाला | १६ मे, सकाळी ५:४०

मी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर सांभाळले, आता धुळ्यात घरी असतो. या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

पुढे एक आणि मागे एक जातीचा टायर घालू नका. कोरड्या रस्त्यावर काही कळत नाही. ओल्या उतारावर ब्रेक लावला की पुढची चाकं थांबायला बघतात आणि मागची एटीची चाकं घसरत राहतात. मग मागचा भाग फिरतो. गाडीत लेकी-बाळी बसतात. बठ्ठा टायर एकच जातीना, एकच कंपनीना ल्या. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर हे आणखी कडक पाळावं लागतं, चारही टायरची उंची सारखी नसेल तर आतल्या गिअरवर ताण येतो.

आता मुद्द्याचं. या भागात टायर मारतं कोण? तीन गोष्टी: ऊन, कमी हवा आणि खडी. त्यातली हवा आपल्या हातात आहे, आणि तिच्यासाठी पैसे लागत नाहीत.

हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. वाकते म्हणून तापते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, डांबर साठीच्या पुढे तापतं, वरून गाडी भरलेली आणि ताशी १०० चा वेग. रबर आणि आतले दोरे यांची पकड सुटते आणि टायर फुटतो. लोक म्हणतात उन्हाने हवा वाढली म्हणून फुटला. मी जे फुटलेले टायर उघडून बघितले त्यात बाजूच्या आतल्या कडेला रबराचा चुरा असायचा. तो कमी हवेवर पळवल्याचा पुरावा.

म्हणून हवा सकाळी, गाडी निघण्याआधी बघायची. ड्रायव्हरच्या दारापाशी चिठ्ठी असते, तिच्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. तापमान दहा अंशांनी बदललं की हवा साधारण दीड पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) बदलते. डिसेंबरच्या पहाटे भरलेली आणि मेच्या दुपारची यात फरक येणारच. पण दुपारी गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून काढू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते.

नायट्रोजन फुकट मिळत असेल तर घ्या. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. त्यासाठी पैसे देऊन वाट वाकडी करायची गरज नाही.

आता स्टेपनी. धडगावच्या ताईंनी मोठी गोष्ट सांगितली. तळोदेकर, तुम्ही गेल्या पावसाळ्यात एक नवा टायर घेतलात ना? त्याची नक्षी अजून भरपूर असेल. चार नवे बसवा आणि तोच स्टेपनीला टाका. साइज तीच, वय कमी. पाचवा टायर विकत घ्यायची गरज नाही. आत्ता पोटाखाली जी स्टेपनी आहे तिची तारीख वाचा. नक्षी कोरी असली तरी रबराला वय असतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावी, दहा वर्षांची झाली की काढूनच टाकावी.

आणि ती साखळी. पावसाळ्याआधी स्टेपनी पूर्ण उतरवा, यंत्र धुवा, ग्रीस लावा, पुन्हा चढवा. पावसाळ्यात दर महिन्याला एकदा खालीवर करा. ताईंना स्वतःला करू द्या, म्हणजे दांडा कुठे घुसतो ते अंधारातही हाताला कळेल.

चोपड्याची_शिक्षिका | १६ मे, सकाळी ७:३०

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

धडगावच्या ताई, जॅकखाली ठेवायला एक जाड लाकडी फळी गाडीत ठेवा, साधारण वितभर रुंद. मुरमात आणि ओल्या मातीत जॅक खाली रुततो आणि गाडी वर येत नाही. आणि नटाचा पाना लांब दांड्याचा घ्या. दुकानात हवेच्या मशीनने नट इतके आवळतात की गाडीसोबतच्या आखूड पान्याने आपल्याच्याने सुटत नाहीत. टायर बसवून झाल्यावर दुकानातच एक नट स्वतः सोडवून बघा. सुटला नाही तर त्यांना हाताने आवळायला सांगा. एटी टायर रोड टायरपेक्षा जड असतो, चाक उचलताना पाय खाली सरकवून टाचेने वर ढकललं की बोल्टवर बसवणं सोपं जातं.

धडगाववाली | १६ मे, दुपारी २:०५

नट सोडवून बघायचं कुणी सुचवलं नव्हतं. मनापासून आभार, ताई. काका, तुमचेही.

रावेरची_केळी | १६ मे, रात्री ८:००

पंक्चरचा संच आणि सिगारेट लाइटरवर चालणारा कॉम्प्रेसर, हे दोन्ही ४५ हजारांतच बसवा. काट्याचं पंक्चर ट्यूबलेसमध्ये चाक न काढता रस्त्यावरच निघतं. साबणाचं पाणी टाकून बुडबुडा कुठे येतो बघायचा, सुईने भोक साफ करायचं, चिकट दोरी ओढून घ्यायची. पण ती दोरी तात्पुरती समजा. गावात आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्या. साइडवॉलला पंक्चर असेल तर दोरीही नको आणि पॅचही नको, थेट स्टेपनी.

थारवाला_जळगाव | १६ मे, रात्री ९:२०

कॉम्प्रेसर असला की खराब रस्त्यावर हवा कमी करता येते, हा मोठा फायदा. गोट्यांच्या रस्त्यावर मी २४-२५ पीएसआयवर जातो. टायर दगडाभोवती बसतो, गाडी आपटत नाही. डांबरावर आल्यावर पुन्हा भरायची.

जुना_एसटीवाला | १७ मे, सकाळी ५:५५

थारवाला, ओढ्यातल्या गोल गोट्यांवर तुमचं बरोबर. पण क्रशरच्या ताज्या खडीवर इतकी कमी हवा नको. हवा काढली की साइडवॉल बाहेर फुगते आणि खडीचा कंगोरा तिथेच लागतो. तळोदेकरांचा टायर असाच चिरला असणार, बाजूने. खडीवर चिठ्ठीतल्या आकड्यापेक्षा तीनचार पीएसआय कमी ठेवा, त्याहून खाली नको, आणि वेग २०-२५. खडी टाकून ठेवलेल्या रस्त्यावर कडेने चाक घालू नका, जिथे आधीच्या गाड्यांनी खडी दाबली आहे त्या चाकोरीतून जा. टायर कितीही महाग असला तरी बेसाल्टच्या धारदार खडीवर वेगात गेलं तर चिरतो.

तळोदेकर | २१ मे, रात्री १०:१०

नंदुरबार आणि सुरत, दोन्हीकडे फिरून आलो. सुरतला भाव थोडा कमी मिळतो, पण जाण्यायेण्याचं डिझेल आणि नंतर वॉरंटीसाठी पुन्हा तिथेच जावं लागणार हे धरलं तर नंदुरबार परवडतं.

तिथे दोन प्रकार दाखवले. एक देशी कंपनीचा एटी, साइडवॉलला दोन थर, भार १०४, ताज्या तारखेचा. चार टायर, फिटिंग, अलाइनमेंट, छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चरचा संच धरून बजेटमध्ये बसतंय, जुने टायर त्यांनी बदल्यात घेतले तर. दुसरा बाहेरचा ब्रँड, त्याच्यावर डोंगर आणि बर्फाच्या फुलाचं चिन्ह, तो चढा. दुकानदार म्हणाला की ते चिन्ह असलेला टायर भारी असतो.

एका दुकानात रिमोल्ड एटी दाखवले, निम्म्याहून कमी किमतीत. दिसायला नवेकोरे. त्याबद्दलही सांगा.

धुळे_टायर | २१ मे, रात्री १०:४५

रिमोल्ड घेऊ नका. जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चिकटवलेली असते. ट्रकच्या मागच्या चाकांना ते चालतं, कारण तो सांगाडा त्यासाठीच बनवलेला असतो आणि जोडीला दुसरं चाक असतं. एसयूव्हीच्या टायरचा सांगाडा आधी कुठे, किती कमी हवेवर पळाला ते कुणालाच माहीत नसतं. उन्हाळ्यात महामार्गावर त्याची पट्टी सुटली तर गाडी हातात राहात नाही.

डोंगर-बर्फाचं चिन्ह म्हणजे तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत पास झालेला आहे. टायर चांगलाच असतो, पण त्या चाचणीसाठी तुम्ही तळोद्यात पैसे का द्यावेत? देशी एटी घ्या. दोन थर, १०४, ताजी तारीख, कंपनीची साइज. तुम्हाला जे लागतं ते सगळं त्यात आहे.

तळोदेकर | २६ मे, संध्याकाळी ७:३०

बसवले. अलाइनमेंट केली, गेल्या वर्षीचा टायर स्टेपनीला टाकला. साखळी रॉकेलने धुऊन ग्रीस लावलं. पोटाखालची स्टेपनी उतरवली तेव्हा तिच्यावरची तारीख गाडीपेक्षाही जुनी निघाली. ती काढून टाकली. चारही चाकांचा एकेक नट बायकोने दुकानातच सोडवून बघितला. दोन सुटले नाहीत, ते हाताने आवळून घेतले.

धडगाववाली | ९ ऑगस्ट, दुपारी ३:४५

पाऊस चांगला लागला आहे, म्हणून लिहिते.

घाटात गाडी आधीपेक्षा निर्धास्त वाटते. दरडीचे बारीक दगड पडलेले असतात त्यावरून चाक जाताना पूर्वी कुठेतरी घसरल्याची जाणीव व्हायची, ती आता नाही. डांबरावर आवाज आहे, ताईंनी सांगितला तसाच, पण सवय झाली. स्टिअरिंग हळू वेगात जरा जड लागतं. डिझेल थोडं जास्त जातंय.

संध्याकाळी घरी आल्यावर खाचांमध्ये अडकलेली खडी स्क्रू ड्रायव्हरने काढते. काही तुकडे इतके घट्ट बसलेले असतात की पक्कड लागते. त्या दिवशी एका तुकड्याखाली रबरात छोटा खड्डा पडलेला दिसला, आत दोरा दिसत नव्हता. हे धोक्याचं आहे का?

पाड्यावर एकदा पंक्चर झालं, बोरीच्या काट्याचं. नर्सताईने साबणाचं पाणी धरलं, मी दोरी ओढली, कॉम्प्रेसरने हवा भरली. शीतपेटी वेळेत पोचली.

आणखी एक विचारायचंय. टायरची अदलाबदल कधी आणि कशी करायची? दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

जुना_एसटीवाला | १० ऑगस्ट, सकाळी ५:५०

ताई, दोरा दिसत नसेल तर खड्ड्याची चिंता नको. दर आठवड्याला खडी काढताय ते बरोबर आहे. रुतलेला तुकडा तसाच राहिला तर प्रत्येक फेऱ्याला आत सरकत जातो. खड्डा खोल होत गेला किंवा तिथे फुगा दिसला तर लगेच दाखवा.

अदलाबदल आठ ते दहा हजार किलोमीटरला. एटीत ती टाळली की ठोकळे एका बाजूने करवतीसारखे झिजतात आणि आवाज वाढत जातो. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, म्हणून मागचे दोन्ही टायर सरळ पुढे आणायचे, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. पुढचे दोन्ही मागे न्यायचे, पण बाजू बदलून: पुढचा डावा मागे उजवीकडे, पुढचा उजवा मागे डावीकडे. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. स्टेपनी या फेरीत घेऊ नका, तिची जात वेगळी आहे. तिच्यावर गाडी चालवावी लागली तर हळू चालवा आणि चिरलेला टायर बदलून लवकर पुन्हा चार सारखे करा. फेरी झाल्यावर चारही चाकांची हवा चिठ्ठीप्रमाणे नव्याने भरायला सांगा, पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो, दुकानदार बहुतेकदा विसरतात.